एकाच घरात वाढलेले दोन भाऊ इतके वेगळे का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांनाही कळावं म्हणून आधी थोडक्यात मांडते. तुम्ही ३८ वर्षांचे, नोकरी चांगली. वडील तापट होते, हात उचलायचे. आजही साहेबांनी आवाज चढवला की तुमच्या घशाला कोरड पडते आणि मुद्दा बरोबर असूनही तोंडातून शब्द फुटत नाही. धाकटा भाऊ त्याच घरात, त्याच वडिलांच्या धाकात वाढला, पण तो चारचौघांत बिनधास्त बोलतो. आई म्हणते, ‘तू जन्मल्यापासूनच भित्रा.’ बायको म्हणते, हे सगळं बाबांच्या मारामुळे झालं. आणि आता तुमचा साडेतीन वर्षांचा मुलगा पाहुणे आले की तुमच्या पायाला मिठी मारून मागे लपतो. तुम्ही विचारलंय, आई खरी की बायको?

मी गेली चोवीस वर्षं सांगलीत मुलांचं आणि त्यांच्या आईवडिलांचं समुपदेशन करते. तुमच्या प्रश्नाच्या पोटात मला आणखी दोन प्रश्न दिसतात, आणि तुमची झोप उडवणारे तेच असावेत. माझ्यात जे आहे ते आता बदलेल का? आणि माझा मुलगा माझ्यासारखाच होणार का? आई खरी की बायको, याचा निकाल लागला तरी या दोन्हींचं उत्तर मिळणार नाही. म्हणून मी निकालाच्या वाटेनं न जाता थोडी लांबची वाट घेते. तुम्हाला किंवा मुलाला मी प्रत्यक्ष पाहिलेलं नाही, त्यामुळे काही गोष्टी ‘असं असेल तर’ म्हणूनच सांगता येतील. माझ्याकडे आलेल्या लोकांची उदाहरणं देताना ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

आईच्या म्हणण्यापासून सुरुवात करते, कारण ते तुम्हाला जास्त लागलेलं दिसतं. मूल कोरी पाटी घेऊन येत नाही, हे खरं आहे. दोन मुलं वाढवलेल्या कुठल्याही बाईला विचारा. एक बाळ मोरीत बादली आपटली तरी दचकून उठतं, दुसरं खिडकीखालून ढोलताशा गेला तरी गाढ झोपलेलं असतं. एक कुणाच्याही कडेवर जातं, दुसरं मावशीनं चष्मा बदलला तरी तोंड फिरवून घेतं. पंधरा दिवसांच्या बाळावर कसले संस्कार झालेले असणार? आपल्याकडे याला फार नेमका शब्द आहे, पिंड.

न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या मानसोपचारतज्ज्ञ दांपत्यानं १९५६ मध्ये तान्ह्या बाळांच्या नोंदी ठेवायला सुरुवात केली. अशी १३३ मुलं त्यांनी मोठी होईपर्यंत पाहिली. त्या काळात मुलाचं काही बिनसलं की डॉक्टर थेट आईकडे बोट दाखवत, आणि या दोघांना ते पटत नव्हतं. त्यांना आढळलं, की साधारण ४० टक्के मुलं सहज रुळणारी होती, १० टक्के सांभाळायला कठीण, तर १५ टक्के हळूहळू रुळणारी. उरलेली कुठल्याच खणात नीट बसत नव्हती. हळू रुळणारं मूल नव्या माणसापासून, नव्या जागेपासून आधी मागे सरकतं, लांबून पाहतं, आणि वेळ मिळाला तर स्वतःहून पुढे येतं. तुम्ही लहानपणाबद्दल जे लिहिलंय, बालवाडीच्या दाराशी उभं राहणं, लग्नाच्या पंगतीत न जेवणं, ते याच गटातलं वाटतं. म्हणजे आईनं जे पाहिलं ते खरंच पाहिलं. फक्त त्याला शब्द चुकीचा वापरला.

हार्वर्डच्या जेरोम कॅगन यांनी चार महिन्यांच्या बाळांसमोर रंगीत खेळणी हलवली, ध्वनिमुद्रित आवाज ऐकवले, नाकाजवळ स्पिरिटचा बोळा धरला. सुमारे २० टक्के बाळांनी हातपाय झाडून रडारड केली, सुमारे ४० टक्के शांत पाहत राहिली. मग ती मुलं त्यांनी वर्षानुवर्षं पाहिली. हातपाय झाडणाऱ्यांपैकी बरीच पुढे अनोळखी लोकांत बिचकणारी निघाली, पण कायम टोकाची भित्री राहिलेली थोडीच. बहुतेक जण मधोमध कुठेतरी आले. त्यातलं कुणी पुढे एकदम धीट, बेधडक झालं असंही क्वचितच घडलं. मी यातून एवढं घेते, की आपल्याला काय होणं जड जाईल हे पिंड बऱ्यापैकी सांगतो. आपण काय होणार, हे तो सांगत नाही.

आता बायकोचं म्हणणं. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक बँक अधिकारी यायचे. पहिल्याच भेटीत ते म्हणाले, बाबा स्कूटर स्टँडला कशी लावतात यावरून संध्याकाळ कशी जाणार ते मला कळायचं. एका झटक्यात खाडकन लावली तर पुस्तक उचलून आतल्या खोलीत जायचं, आईलाही खुणेनं सांगायचं. सावकाश लावली आणि जिन्यात किल्ल्यांचा जुडगा खुळखुळला, तर आज बरं आहे. सहा वर्षांचं पोर रोज संध्याकाळी कान देऊन बसलेलं असायचं. पंचेचाळिसाव्या वर्षी शेजारच्या केबिनचं दार जोरात लागलं, तरी त्यांच्या तळहातांना घाम सुटायचा. त्या मुलाच्या मेंदूनं त्या घरात अगदी योग्य काम केलं होतं. धोका लवकर ओळखायचा, आवाज करायचा नाही, शक्य तितकं लहान व्हायचं. पुढे स्कूटर भंगारात गेली, बाबाही गेले, पण शरीराला कुणी सांगितलंच नाही की आता पहारा उठवायला हरकत नाही.

हे एकट्यादुकट्याचं नाही. अमेरिकेत सॅन डिएगो इथे व्हिन्सेंट फेलिट्टी आणि रॉबर्ट अँडा यांनी १९९५ ते १९९७ या काळात सतरा हजारांहून अधिक प्रौढांना बालपणाबद्दल विचारलं होतं. घरात मारहाण, अपमान, हेळसांड, दारू, असं जितक्या प्रकारचं वाट्याला आलेलं, तितकं पुढे नैराश्याचंच नव्हे तर हृदयविकारासारख्या आजारांचंही प्रमाण वाढत गेलेलं दिसलं. मात्र असे आकडे मोठ्या समूहाबद्दल बोलतात. ते वाचून ‘माझं आता असंच होणार’ असं कुणी स्वतःवर ओढून घेऊ नये. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी अनेक जण इंटरनेटवर याच प्रश्नांची यादी भरून, त्यात आपल्याला किती गुण पडले ते मोजून, घाबरून आलेले असतात.

मग दोघी खऱ्या, तर भाऊ वेगळा कसा? खरी गोम इथे आहे, म्हणून इथे जरा थांबते.

भावंडं माझ्याकडे आली तर मी त्यांना वेगवेगळं बसवते आणि लहानपणच्या घराचा नकाशा काढायला सांगते. एकदा दोन बहिणी आल्या होत्या, दोघींमध्ये चार वर्षांचं अंतर. दोन खोल्यांचं चाळीतलं घर. थोरलीनं वडिलांची खुर्ची आधी काढली, मग खुर्चीपासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंतचं अंतर पावलांत लिहिलं. धाकटीच्या कागदावर खुर्ची नव्हतीच. तिनं घराच्या दोन खोल्या कोपऱ्यात उरकल्या होत्या आणि उरलेल्या कागदावर सामाईक गॅलरी, तिथली तुळस, पलीकडच्या आजींची खोली आणि त्या खोलीतला डबा काढला होता, ज्यात तिच्यासाठी रोज एक रेवडी असायची. घर तेच, वडील तेच. पण एक मुलगी खुर्चीच्या घरात वाढली होती आणि दुसरी गॅलरीच्या.

यात पिंडही आहे आणि परिस्थितीही. धाकटी मुळात कुणाशीही बोलणारी, म्हणून आजींपर्यंत पोहोचली. ती पोहोचली म्हणून तिला आसरा मिळाला. आसरा मिळाला म्हणून ती आणखी मोकळी झाली. थोरली लाजरी, ती घरातच राहिली, म्हणून सगळं तिच्याच अंगावर आलं. शिवाय थोरली लहान होती तेव्हा वडिलांची गिरणी बंद पडलेली, धाकटीला कळायला लागलं तोवर त्यांना दुसरं काम मिळालं होतं. रॉबर्ट प्लोमिन आणि डेनिस डॅनियल्स या मानसशास्त्रज्ञांनी १९८७ मध्ये नेमका हाच प्रश्न मांडला होता, की एकाच घरातली मुलं इतकी वेगळी का निघतात. स्वभाव घडवणाऱ्या परिस्थितीचा मोठा भाग भावंडांना सारखा मिळतच नाही, प्रत्येकाच्या वाट्याला निराळा येतो, असं त्यांचं उत्तर होतं. तुमच्या भावाच्या वाट्याला कोण होतं, हे त्याला एकदा निवांत विचारा. मामा असेल, क्रिकेटचे सर असतील. कदाचित तुम्हीच असाल. थोरला गप्प राहून मार खातो तेव्हा बऱ्याचदा धाकट्याची सुटका झालेली असते.

एक गोष्ट इथेच स्पष्ट सांगते. मूल हळवं होतं म्हणून त्याला मार जास्त लागला, हे समजून घेण्यासाठी ठीक आहे. पण त्यामुळे दोष मुलाकडे सरकत नाही. हात मोठ्या माणसाचा होता. त्या पिढीत ‘छडी लागे छमछम’ हाच रिवाज होता, शाळेत शिक्षाबंदी कायद्यानं आली तीही २००९ मध्ये, हे सगळं मान्य आहे. त्यानं वडिलांची परिस्थिती कळते. पण त्यांनी मारलं, ही गोष्ट त्यामुळे लहान होत नाही.

‘स्वभाव पन्नास टक्के आनुवंशिक असतो’ असं तुम्ही कुठेतरी वाचलंय. तो आकडा हवेतला नाही. जगभरातल्या पन्नास वर्षांच्या जुळ्यांच्या अभ्यासांचा गोषवारा २०१५ मध्ये निघाला, त्यात नाना गुणांची सरासरी ४९ टक्के आली होती. पण त्याचा अर्थ असा नाही की तुमच्यातला अर्धा माणूस आईवडिलांच्या रक्तातून आला आणि अर्धा घरानं घडवला. दह्याचं उदाहरण घ्या. तुमच्या वाटीतलं दही आंबट झालं त्यात दुधाचा वाटा किती, विरजणाचा किती आणि उन्हाळ्याचा किती, हे कुणी टक्क्यांत सांगू शकेल का? एका वाटीबद्दल हा प्रश्नच लागू पडत नाही. गल्लीतल्या वीस घरांच्या वाट्या एकमेकींशी ताडून पाहिल्या तर मात्र सांगता येतं. सगळ्यांनी एकाच डेअरीचं दूध घेतलं असेल, तर दह्यांतला फरक विरजणामुळे आणि ठेवण्याच्या जागेमुळे. सगळ्यांचं विरजण एकाच घरून आलं असेल, तर बराचसा फरक दुधामुळे. आकडा गल्लीचा असतो. म्हणून ‘माझ्यात वडिलांचं किती आणि पिंडाचं किती’ याचा हिशेब करत बसू नका, तो कुणालाच जमणार नाही.

त्यापेक्षा उपयोगाचा प्रश्न असा, की या पिंडाच्या मुलाला हे घर मानवलं का? चेस आणि थॉमस यांचं मला सर्वांत मोलाचं वाटणारं काम हेच आहे. पोर्तो रिको या कॅरिबियन बेटावरून न्यूयॉर्कमध्ये आलेल्या कामगार कुटुंबांतली मुलंही त्यांनी पाहिली होती. झोपेची वेळ ठरलेली नसणारी मुलं मध्यमवर्गीय घरांत मोठी डोकेदुखी ठरत, कारण तिथे आठाला दिवे मालवायचा नियम. पोर्तो रिकोच्या घरांत मूल दमलं की झोपायचं, कुणाला त्यात वावगं वाटत नसे. अडचण सुरू झाली ती शाळेसाठी सकाळी उठायची वेळ आली तेव्हा. मुलाचा स्वभाव दोन्हीकडे सारखाच होता. तुमच्या बाबतीत हळू रुळणारं मूल आणि वाट पाहायला तयार नसलेले वडील, अशी गाठ पडली. वर घरानं ‘भित्रा’ हे नाव ठेवलं. रोज कानावर पडणारं नाव हाही एक अनुभवच असतो. पाहुण्यांसमोर तुम्ही मागे सरकलात की कुणीतरी म्हणायचं, ‘तो तसाच आहे.’ मग पुढे येऊन पाहायची गरज तुम्हालाही उरली नाही.

आता तुमच्याबद्दल. पिंड कुठला आणि जखम कुठली हे पूर्ण वेगळं करता येत नाही, पण भेटीत मी काही खुणा पाहते. पिंड सगळीकडे दिसतो, आनंदाच्या जागीही. गणपतीत, मित्राच्या बारशात, नव्या गावी, सगळीकडे तुम्हाला पहिली पंधरा मिनिटं अवघड जातात आणि मग हळूहळू मोकळं वाटतं, तर तो तुमचा पिंड. त्याला औषध नको आणि त्याची लाजही नको. जखम मात्र विशिष्ट जागी दुखते. बाई साहेब ओरडल्या तर चालतं, पण पुरुषाचा आवाज चढला की घसा कोरडा. किंवा आवाजापेक्षा कपाळावरची आठी पुरते. शरीर आधी आक्रसतं, विचार मागून येतो, आणि पंधरा मिनिटांनी मोकळं वाटत नाही, तर घरी आल्यावरही रात्रभर तेच डोक्यात फिरतं. तुमच्या लिहिण्यावरून दोन्ही आहे असं वाटतं, आणि घशाची कोरड दुसऱ्या प्रकारातली.

त्यावर काम होतं. त्या बँक अधिकाऱ्यांसोबत आम्ही सुमारे आठ महिने बसलो. सुरुवातीचे दोन महिने फक्त ओळखण्यात गेले. दार वाजलं, हाताला घाम आला, तर मनातल्या मनात ‘ही स्कूटर आहे, हे दार आहे’ असं म्हणायचं. मग मीटिंगमध्ये पहिल्या पाच मिनिटांत एक वाक्य बोलायचं, अगदी ‘मागच्या महिन्याचा तक्ता माझ्याकडे आहे’ इतकं साधं. उशीर झाला की भीती साचते, म्हणून पाच मिनिटं. पुढे साहेबांशी असहमती, तीही आधी लेखी. आज ते सभा गाजवत नाहीत, गाजवणारही नाहीत. पण गेल्या वर्षी त्यांनी एका चुकीच्या कर्जप्रकरणावर सही करायला तोंडावर नकार दिला. स्वभाव तोच राहिला आणि घसा मोकळा झाला, यात मला तरी काही कमी वाटत नाही.

३८ म्हणजे उशीर झाला, असंही समजू नका. हवाई बेटांतल्या कवाई इथे १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांना एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी चाळिशीपर्यंत पाहिलं. गरिबी, भांडणं, व्यसनं अशा घरांत वाढलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं तरीही चांगली उभी राहिली. त्यांच्यात दोन गोष्टी वारंवार दिसल्या. एक तर लोकांना आपल्याकडे ओढून घेणारा स्वभाव, आणि दुसरं, घरात किंवा घराबाहेर जीव लावणारं किमान एक मोठं माणूस. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. किशोरवयात भरकटलेल्यांपैकी बरेच जण तिशी-चाळिशीत सावरलेले दिसले. कुणाला चांगला जोडीदार मिळाला, कुणी पुन्हा शिकायला लागलं, कुणाला स्थिर काम मिळालं. तुमच्या बायकोनं तुमची बाजू घेतली आहे, ही तुमच्या पत्रातली फार मोठी गोष्ट आहे.

आणि मुलगा. साडेतीन वर्षांचं मूल पाहुण्यांना पाहून पायाला मिठी मारतं, हा आजार नाही. त्याचा पिंड तुमच्यासारखा असू शकतो. पण तुमच्या भीतीत मार होता, त्याच्या घरात तो नाही, म्हणून तो तुम्ही होणार नाही. तुम्हाला दोन चुकांपासून सांभाळायचंय. पहिली तुमच्या वडिलांची, म्हणजे ढकलणं. दुसरी तुमच्यासारख्या बापांकडून मायेपोटी होणारी, म्हणजे झाकणं. मुलगा बिचकला की तुम्हाला स्वतःचं बालपण दिसणार आणि तुम्ही त्याला चटकन उचलून आत न्याल. कॅगन यांच्या अभ्यासातही दिसलं, की चटकन बिथरणाऱ्या बाळांना प्रत्येक छोट्या त्रासातून लगेच सोडवणाऱ्या घरांत ती बाळं दोन वर्षांची झाल्यावर जास्त घाबरट दिसली. जिथे प्रेमानं पण ठामपणे थोडं सोसू दिलं, तिथे कमी.

माझ्या खोलीत हे कसं होतं ते सांगते. मध्यंतरी चार वर्षांचा एक मुलगा आजी आणि आईबरोबर आला होता. आईच्या ओढणीचं टोक तोंडात. आजी म्हणाल्या, ‘अरे, मावशींना नाव सांग, मुका आहेस का?’ तो आणखी आत गेला. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. जमिनीवर बसले, लाकडी गाडी काढली, तिच्यात एक एक ठोकळा भरू लागले आणि आईशीच बोलत राहिले. दहा मिनिटांनी ओढणी तोंडातून बाहेर आली. एक ठोकळा मी मुद्दाम त्याच्या पायाकडे घरंगळत जाऊ दिला. त्यानं तो पायानंच परत ढकलला. विसाव्या मिनिटाला तो खाली बसला होता, आणि आईचा हात सोडून दोन्ही हातांनी ठोकळे भरत होता. नाव त्यानं जाताना सांगितलं, दारातून, न विचारता. आजींच्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्यांना एवढंच म्हणाले, की तो भित्रा नाही, त्याला वीस मिनिटं लागतात.

पुढच्या लग्नाला गर्दी व्हायच्या आधी अर्धा तास पोहोचा. हॉल रिकामा असताना त्याला बोट धरून एकदा फिरवून आणा, पाणी कुठे आहे, चप्पल कुठे काढायची ते दाखवा. ‘काकांना नमस्कार कर’ म्हणू नका, तुम्ही स्वतः करा, तो पाहतोय. पायाला मिठी मारली तर मारू द्या. उचलू नका आणि सोडवूही नका, तुमचं बोलणं चालू ठेवा. कुणी ‘लाजतोय का?’ म्हटलं तर त्याच्यादेखत सांगा, ‘थोड्या वेळानं येईल खेळायला.’ बालवाडीच्या बाईंनाही हेच वाक्य सांगून ठेवा.

दोन ठिकाणी मात्र थांबू नका. मुलगा घरी भरपूर बोलतो पण शाळेत महिनाभर एक शब्दही बोलला नाही, किंवा घरातही नजर देत नाही, हाक मारली तर वळत नाही, बोलणं मागे पडलंय, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. तो वेगळा प्रश्न असतो आणि लवकर कळलेला बरा. आणि तुमची झोप आठवडेच्या आठवडे उडाली असेल, दारूचा आधार घ्यावा लागत असेल, जगणं नको वाटत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. सरकारच्या टेली मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

आईशी भांडू नका. एखाद्या दुपारी त्यांना विचारा, ‘मी भित्रा होतो म्हणजे नेमकं काय करायचो?’ मग, ‘तेव्हा तू काय करायचीस?’ बऱ्याच आया इथे थबकतात आणि एखादी गोष्ट सांगतात, जी त्यांनी कधीच कुणाला सांगितलेली नसते. त्या बँक अधिकाऱ्यांच्या आईनं सांगितलं होतं, की स्कूटरचा आवाज त्याही ऐकत असायच्या.